पहिली हिवाळी सफर: आधी एवढंच बघ

अरे वा, बोट घेऊन निघतोयस तर! आधी एक कर, कुणाला अमुक तारखेला अमुक बंदरात भेटतो असं कबूल करू नकोस, नवीन लोकांचे निम्मे घोळ तिथेच होतात, वारा उलटा असतो तरी पाहुणे येणार म्हणून बोट हाणत सुटतात. ऊन कितीही छान असू दे, उत्तर गोलार्धात कोल्ड फ्रंट (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची आघाडी) आला की वारा दक्षिणेकडून पश्चिमेला आणि मग उत्तरेला फिरतो, आणि कालची शांत खाडी आज वाऱ्याला उघडी पडते. रोज सकाळी अंदाज बघायचाच.

नांगर टाकणं मात्र नीट शिक. खोली ५ मीटर, बोटीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर, म्हणजे ६ धरायचे (भरतीचं पाणी वेगळं मिळव), साखळी निदान पाचपट, ३० मीटर. मग हळूच रिव्हर्स मारून ताण दे आणि बाजूच्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धर, त्या एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय, उचल आणि परत टाक, लाजायचं काय त्यात.

- नव्या जागी उजेडात पोच. ऊन पाठीमागे हवं, समोर असलं की खडक दिसतच नाहीत
- गोडं पाणी पहिल्या दिवसापासून जपून

रडार, वॉटरमेकर (समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र) वगैरे पुढच्या सीझनला बघू.