कौले गळत नाहीत, तरी वासे ओले
प्रश्न: आमच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर गेल्या वर्षी उष्णतारोधक थर अंथरला. तेव्हापासून थंडीत वाशांवर पाण्याचे थेंब दिसतात आणि बुरशीचे काळे डागही पडले आहेत. कौले कुठेच गळत नाहीत. मग हे पाणी येते कुठून?

उत्तर: ते पाणी बाहेरचे नसून घरातलेच आहे. स्वयंपाक, अंघोळ आणि वाळत घातलेले कपडे यांतून निघणारे बाष्प उबदार हवेबरोबर वर चढते. २० अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर शून्य अंशाची हवा जेमतेम ५ ग्रॅम. म्हणून गार वाशांना ती टेकली की जादा बाष्पाचे थेंब होतात. पूर्वी घरातली ऊब माळ्यापर्यंत झिरपत होती आणि वळचणीच्या फटींतून वारा खेळत होता. नव्या थरामुळे माळा गार पडला आणि, माझ्या अंदाजाने, त्या फटीही बुजल्या असाव्यात.

आधी वळचणीपाशी थर मागे सारून सुमारे ५ सेंटीमीटरची वाट मोकळी करा. हवा आत येण्यासाठी वळचण आणि बाहेर पडण्यासाठी आढ्याजवळचा झरोका, असे दोन्ही लागते. केवळ वरचाच झरोका ठेवला, तर तो घरातली दमट हवा माळ्यावर ओढू शकतो, आणि ही चूक वारंवार होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माळ्याच्या दाराच्या कडा आणि नळांभोवतीची भोके बंद करा, तसेच न्हाणीघरातल्या पंख्याची नळी माळ्यात न सोडता थेट घराबाहेर न्या. डाग पडलेल्या वाशात टोचा सहज रुतत असेल, तर सुताराला दाखवल्याशिवाय त्यावर कृपया रंग देऊ नका.