राजीनाम्याआधीचं टिपण

प्रिय मित्रा,

सरकारी कायदा सल्लागाराच्या वाटेला जायचं तर ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या उप कायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी २००३ च्या इराक युद्धावरून दिलेला राजीनामा वाच, असं तुला बरेच जण सांगतील. वाचच. पण त्याआधी त्यांचे वरिष्ठ मायकल वूड यांचं टिपण वाच. इराकवरच्या हल्ल्याला जवळपास आठ आठवडे असताना, २४ जानेवारी २००३ रोजी, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या या मुख्य कायदा सल्लागारानं मंत्र्यांना लेखी कळवलं: सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय बळ वापरणं म्हणजे आक्रमणाचा गुन्हा. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी सल्ल्याची नोंद घेतली, पण तो मानला नाही. कागद मात्र राहिला आणि २०१० साली इराक युद्धाच्या सरकारी चौकशीपुढे, म्हणजे चिलकॉट चौकशीपुढे, आला.

वाद होता इराकच्या निःशस्त्रीकरणाबद्दलच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १४४१ च्या परिच्छेद १२ वर. इराकनं अटी मोडल्याचा अहवाल आला की परिषद परिस्थितीचा 'विचार' करायला बसेल, असं तो म्हणतो. मग युद्धाला परिषदेचा नुसता विचार पुरे, की नवा निर्णयही हवा? ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा सल्लागार, गोल्डस्मिथ यांच्या ७ मार्चच्या १३ पानी सल्ल्यात याबद्दलच्या शंका होत्या. १७ मार्चच्या संसदेतल्या उत्तरातून त्या गळल्या. विल्म्सहर्स्ट यांचं राजीनाम्याचं पत्र दुसऱ्याच दिवशीचं. नव्यानं येणारे 'युद्ध अन्यायाचं' असं लिहून मोकळे होतात. त्याला उत्तर देणं मंत्र्याला सोपं जातं. परिच्छेद १२ ला उत्तर देणं जड जातं.

युद्ध सुरू करणं कायदेशीर होतं का आणि ते कसं लढलं गेलं, हे प्रश्न वेगळे ठेव. पहिल्याला संयुक्त राष्ट्रांची सनद, दुसऱ्याला १९४९ चे जिनिव्हा करार. हल्ला प्रमाणाबाहेर होता का, हे नंतरच्या मृतांच्या आकड्यावरून ठरत नाही. हुकूम देताना सेनापतीपुढे कोणती माहिती होती, किती नागरी हानी अपेक्षित होती आणि कोणता लष्करी लाभ, ते मांडावं लागतं. सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. भारताबद्दल लिहिताना जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलवर (पूरक करारावर) थेट बोट ठेवू नकोस, भारतानं तो स्वीकारलेला नाही. रूढ कायद्याचा, म्हणजे देशांच्या प्रथेतून बंधनकारक झालेल्या नियमांचा, आधार घे.

टिपणाचं पहिलं वाक्य निष्कर्षाचं, मग ठरावाचा परिच्छेद, मग विरुद्ध पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. एका पानात. तारीख आणि कोणाला पाठवलं, हे वर लिही. प्रत कार्यालयाच्या फाइलीतच राहू दे, घरी नेलीस तर खटला तुझ्यावरच व्हायचा.

कळावे.