हाती घेतलेले सोडताना

प्रश्न : मी बेळगाव तालुक्यातील एका गावचा निवृत्त शिक्षक आहे. गावच्या मराठी वाचनालयाचा चिटणीस, गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार आणि एका पतसंस्थेचा संचालक म्हणून काम पाहतो. शिवाय दर एकादशीला भजन असते. अलीकडे या कामांत मन लागत नाही आणि घरच्यांना वेळ देता येत नाही. सोडण्याची गोष्ट काढली की, ‘गुरुजी, सीमाभागात मराठीचं काम तुम्हीच सोडलासा तर फुडं कोण बघणार? वीस वर्षांचे कष्ट वाया घालवणार काय?’ असे ऐकावे लागते. सोडणे हा पळपुटेपणा आहे का?

उत्तर : गुरुजी, हिशेब, किल्ल्या आणि दिलेला शब्द मागे टाकून माणूस नाहीसा झाला, तर त्याला पळपुटेपणा म्हणावे. तुमचे तसे नाही.

वीस वर्षांच्या कष्टांचा जो दाखला तुम्हाला दिला जातो, तोच आधी तपासायला हवा. ते कष्ट तुम्ही राहिलात तरी परत मिळणार नाहीत आणि गेलात तरी पुसले जाणार नाहीत. पुढची वर्षे कशात घालायची, एवढाच प्रश्न उरतो. अमेरिकेतील हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नाटकांची हंगामी तिकिटे घ्यायला आलेल्या काही प्रेक्षकांना अचानक सवलत दिली गेली होती. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलत मिळालेल्यांपेक्षा अधिक नाटकांना गेले. म्हणजे खर्चून बसलेला पैसाच त्यांना नाट्यगृहाकडे ओढत होता. आपला शेतकरी याबाबतीत अधिक व्यवहारी म्हटला पाहिजे, कारण पहिले सोयाबीन उगवले नाही, तर गेलेल्या बियाण्याचा हिशेब करत न बसता तो वापसा आहे तोवर दुबार पेरणी उरकतो.

राहिला मराठीचा मुद्दा. तो मनाला लागणारा आहे आणि म्हणूनच सीमाभागात तो जरा सढळपणे वापरला जातो. एका माणसाच्या जाण्याने जे वाचनालय बंद पडेल, ते तुम्ही असतानाच अशक्त झालेले आहे. चिटणीसाची खुर्ची रिकामी झाली, तरच गावातील पदवीधर मुलामुलींपैकी कोणाला तरी पुस्तकांची मागणी ठरवण्याचा आणि वर्गणी मागायला दारोदार जाण्याचा अनुभव मिळेल. (सभेत चहा वाटण्यापलीकडे तरुणांना काम न देणाऱ्या आणि मग ‘पोरं येत नाहीत’ म्हणून हळहळणाऱ्या समित्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.)

निर्णय होत नसेल, तर अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उपयोगी पडेल. नोकरी सोडावी का, नाते तोडावे का, अशा प्रश्नांवर अडलेल्या लोकांनी त्यात २० हजारांहून अधिक वेळा नाणेफेक करून कौल घेतला. मोठ्या निर्णयांत कौलाप्रमाणे बदल केलेले लोक सहा महिन्यांनी, आहे तेच चालू ठेवलेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. ही माणसे मुळातच कुंपणावर बसलेली होती, हे विसरू नये. पण तुमचे पत्र वाचता तुम्हीही तिथेच बसला आहात.

मात्र प्रत्येक पदाची रीत वेगळी आहे. खजिनदाराने ऐन गणपतीच्या तोंडावर जाऊ नये. उत्सवानंतरच्या सभेत जमाखर्च वाचून, तो मंजूर करून घेऊन आणि बँकेतील सहीचा अधिकार बदलण्याचा ठराव लिहवून मगच जावे. वाचनालयाची दाखल नोंदवही, सभासदांच्या अनामती आणि कपाटांच्या किल्ल्या नव्या चिटणीसाकडे सही घेऊन सोपवाव्यात. पतसंस्थेचा राजीनामा लेखी द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. तिथे तुम्ही कोणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर संचालकपद सोडल्याने ती जबाबदारी संपत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सोडता येणारी आणि निभावावीच लागणारी बांधिलकी यांतील सीमारेषा इथे आहे. बाकी, भजनही तुम्ही या ओझ्यात का मोजलेत, ते आम्हाला कळले नाही; ते राहू द्यावे.

प्रश्न : मी निपाणीची आहे. लहानपणापासून मिश्री लावते. दोनदा सोडली, पण डोके दुखते, चिडचिड होते आणि पुन्हा डबी हातात येते. या वयात सोडून काय मिळणार? गालाच्या आत पांढरा डागही दिसतो आहे.

उत्तर : ताई, मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे आणि तुमची डोकेदुखी म्हणजे निकोटीन बंद झाल्यावर शरीराने केलेली तक्रार आहे. ती पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तुम्ही बहुधा ऐन चढावरच परत फिरलात. सकाळच्या सवयीसाठी टूथपेस्ट किंवा साधे दंतमंजन जवळ ठेवा आणि घरातील डबी काढून टाका; तंबाखूच्या पेठेत राहून हे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. सोडल्याचा लाभ कोणत्याही वयात होतो आणि तंबाखूमुळे आलेले असे डाग सोडल्यानंतर पुष्कळदा कमी होतात. परंतु तुमचा डाग त्यांपैकीच आहे की कर्करोगाची सुरुवात आहे, हे पत्रावरून कोणालाही सांगता येणार नाही, तेव्हा याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवून घ्या.