'तेफ्रिका' आणि आपला 'फरक'

प्रश्न असा आहे : तुर्की कादंबरीवर वाचताना 'तेफ्रिका' शब्द येतो, त्याचं आपल्या 'तफावत'शी नातं आहे का? मोबाइलवर क्रमशः येणाऱ्या कादंबरीलाही तो चालेल का?

तफावतीशी नातं नाही, 'फरक'शी आहे. दोन्ही शब्द मूळचे अरबीच, पण धातू वेगळे. तलाठ्याच्या भाषेतला 'फौत' हा तफावतीचा भाऊबंद. 'फरक'च्या घरातला तेफ्रिका. उर्दूत वजाबाकीला 'तफरीक' म्हणतात, तोही त्याच घरातला. तुर्कीत तेफ्रिका म्हणजे फूट, दुही, आणि वर्तमानपत्रात तुकड्या-तुकड्यांनी येणारं लेखनही. १८७८ साली 'तर्जुमान-इ हकीकत' हे वर्तमानपत्र काढणारा अहमत मिथत अशा कादंबऱ्यांचा बादशहाच. गोष्ट मध्येच थांबवून तो वाचकाला 'एय कारी!' अशी हाक मारायचा. कारी म्हणजे वाचणारा. कुराणपठण करणाऱ्यांमुळे हा शब्द आपल्याही कानावरचा आहे.

पुढे उत्तर देण्याची सोय त्या 'कारी'कडे आली. वॉटपॅड या कथा लिहिण्या-वाचण्याच्या ॲपवर तुर्की तरुणाई थेट एखाद्या वाक्याशेजारी मत लिहायची, 'येनी बोल्युम ने जमान?' म्हणजे 'नवा भाग कधी?' असा तगादा लावायची. तिथल्या कथांची छापील पुस्तकं निघाली, सिनेमे झाले. जुलै २०२४मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तुर्कस्तानात वॉटपॅड बंद झालं. वाचक आणि लेखक अर्ध्या कथेत एकमेकांपासून तोडले गेले, हे मला फार लागलं.

त्या तगाद्यातला 'बोल्युम' अस्सल तुर्की आहे, 'बोल्मेक' म्हणजे विभागणे यावरून आलेला. अरबी शब्द मागे पडला, पण तुकडे पाडण्याची कल्पना तीच राहिली! वाचकही 'कारी'चा 'ओकुर' झाला, 'ओकुमाक' म्हणजे वाचणे यावरून.

जुन्या तेफ्रिकांचंही नशीब आता उघडतंय. कित्येक कादंबऱ्या पुस्तकरूपात आल्याच नाहीत, आणि १९२८च्या लिपीबदलानंतर अरबी लिपीतले ते अंक पुढच्या पिढ्यांना वाचता येईनात. इस्तंबूलच्या बेयाझित ग्रंथालयातला हक्की तारिक उस यांचा नियतकालिकांचा संग्रह टोकियोतल्या परदेशी भाषांच्या विद्यापीठाच्या सहकार्याने डिजिटल झाला, त्यामुळे अभ्यासकांना ते अंक घरबसल्या चाळता येतात. लिपी मात्र शिकावीच लागते.

तेव्हा वर्तमानपत्री कादंबरीसाठी मराठीत 'तेफ्रिका' खुशाल तसाच ठेवा. वॉटपॅडवरच्या लेखनाला 'भाग' म्हणा; तिथले तुर्की वाचकही 'बोल्युम'च म्हणायचे.