वाचकांचे प्रश्न : पापनिवेदनाला जाताना

प्रश्न : बारा-तेरा वर्षांत पापनिवेदन (कॅथलिक चर्चमध्ये फादरांना, म्हणजे धर्मगुरूंना, आपली पापे सांगून देवाची क्षमा मागणे) केलेले नाही. क्रम विसरलो आहे. एवढ्या वर्षांचे सांगायचे तरी कुठून?

क्रम विसरला म्हणून अडून राहू नका. क्रुसाची खूण करा, किती वर्षांनी आलात ते सांगा आणि ‘फादर, मला मदत करा’ म्हणा. पुढचे ते विचारत नेतील. आधी घरी शांतपणे दहा आज्ञा एकेक घेऊन मनाची झडती घ्या. चिठ्ठी लिहून नेली तरी चालते, नंतर ती फाडून टाका.

गंभीर पापे सांगताना दोन गोष्टी लागतात : प्रकार आणि संख्या. ‘मी वाईट वागलो’ एवढ्यावरून फादरांना काहीच कळत नाही. ‘दुकानाच्या गल्ल्यातून साधारण दोन वर्षे, महिन्यातून एकदा तरी पैसे घेतले’ हे पुरेसे आहे. नेमका आकडा आठवत नसेल तर असा प्रामाणिक अंदाज चालतो. प्रसंगाची कहाणी नको, दुसऱ्यांची नावे तर मुळीच नकोत. बहुतेकांची गाडी इथेच घसरते : सासू कशी बोलली, भावाने वाटणीत कसे फसवले हे दहा मिनिटे चालते आणि ‘मी त्याच्याशी पाच वर्षे बोललो नाही’ हे स्वतःचे वाक्य राहून जाते. किरकोळ पापे सांगण्याचे बंधन नाही, तरी सांगावीत; त्याने सवयी ध्यानात येतात.

मग फादर दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता (पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत) आणि ते पापमुक्ती देतात. तेवढ्यावर ‘आमेन’ म्हणायचे.

एक विनंती. इतक्या वर्षांचा खंड असेल तर ईस्टरच्या आधीच्या गर्दीत किंवा मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) सुरू व्हायला पाच मिनिटे असताना रांगेत उभे राहू नका. फादरांकडून वेगळी वेळ मागून घ्या. अशी वेळ मागणे हा तुमचा हक्कच आहे.

प्रश्न : बाहेर आल्यावर एक पाप आठवले. दिलेले प्रायश्चित्तही नीट लक्षात राहिले नाही. पापनिवेदन वाया गेले का?

नाही. खरोखर विसरलेल्या पापाचीही क्षमा झाली आहे. ते गंभीर असेल तर पुढच्या वेळी तेवढे सांगा. लाजेने मुद्दाम दडवलेल्या गंभीर पापाची गोष्ट निराळी : तसे केले तर पापमुक्ती होतच नाही, आणि तेव्हाची सर्व गंभीर पापे पुन्हा सांगावी लागतात.

प्रायश्चित्त आठवत नसेल तर लगेच परत जाऊन विचारा. झेपणारे नसेल तर बदलून मागा. मात्र चोरलेले पैसे परत करणे यात धरलेले नसते. ते वेगळे द्यावेच लागतात. नाव न कळवता दिले तरी हरकत नाही.

प्रश्न : फादर रोज भेटतात. नंतर विषय काढला तर?

काढता येत नाही. तुमच्या परवानगीशिवाय ते तुमच्यापाशीसुद्धा बोलू शकत नाहीत, मग पोलीस आणि न्यायालय दूरच राहिले. ऐकलेल्या माहितीचा तुमच्या तोट्यासाठी वापरही करू शकत नाहीत. ही गुप्तता थेट मोडणारा धर्मगुरू त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे, म्हणजे पोपच्या पीठाकडे, असतो. तरीही संकोच वाटत असेल तर चेहरा दिसू नये म्हणून असलेल्या जाळीआड बसा किंवा दुसऱ्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) जा. दोन्ही पूर्ण योग्य आहे.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे. फोनवर होईल का?

फोनवर हा साक्रामेंत (चर्चचा पवित्र संस्कार) होत नाही. फादरांना घरी बोलवा. ते आले की टीव्ही बंद करा, सर्वांनी खोलीबाहेर थांबा, दार ओढून घ्या. आईंना कमी ऐकू येत असेल तर फादरांना आधीच सांगा, म्हणजे ते जवळ बसतील. बोलता येत नसेल तर मान हलवून किंवा हाताच्या खुणेनेही पापनिवेदन होते. शुद्ध हरपेपर्यंत थांबू नका. त्या नीट बोलू शकतात तोवरच बोलवा.