‘नारुतो’चा शेवट फसला, पण कुणाच्या टेबलावर?

प्रश्न : मी साताऱ्याची, बारावी कला शाखेत आहे. नारुतो नावाच्या निंजा मुलाची ‘नारुतो शिप्पूदेन’ ही जपानी ॲनिमेशन मालिका (ॲनिमे) मी पाहिली, पाचशेच्या पाचशे भाग. शेवटचं महायुद्धाचं पर्व मला फसलेलं वाटतं. त्यातल्या ४१ चुकांची वही केली आहे, पहिल्या दहा सोबत पाठवते. मला ॲनिमेशनसाठी गोष्टी लिहायच्या आहेत. बाबा म्हणतात, कार्टूनमधल्या चुका काढून पोट भरत नाही. वहीचा काही उपयोग आहे का? कुठल्या कोर्सला जाऊ?

उत्तर : वहीचा उपयोग नक्की आहे, पण आज ती प्रेक्षकाची वही आहे. ‘कागुया (अगदी शेवटी येणारी शत्रू) उगाच आणली’, ‘नेजी (नारुतोचा सहकारी निंजा) फुकट मेला’, ‘फिलर (मूळ कथेत नसलेले भरतीचे भाग) फार’ असं तू लिहिलंस. लिहिणाऱ्याला पुढचे दोन रकाने लागतात : चूक कुठे जन्मली आणि ती कशी दुरुस्त होईल.

कागुयाचंच घे. मासाशी किशिमोतोंची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १९९९ ते २०१४ अशी १५ वर्षं चालली, ७०० प्रकरणं झाली. त्यात कागुया प्रत्यक्ष समोर उभी राहते ती शेवटच्या वीस-बावीस प्रकरणांत. तोवर सगळं युद्ध मदारा या खलनायकाभोवती बांधलेलं. मग त्याचाच साथीदार काळा झेत्सू मागून त्याला भोसकतो आणि सांगतो, तू नुसतं प्यादं होतास. धक्का बसतो, पण मदाराच्या विचाराला उत्तर द्यायचं राहूनच जातं. सगळ्यांना स्वप्नात झोपवून शांतता आणायची हा त्याचा विचार होता, त्याच्याशी वाद घालता आला असता. कागुयाशी वाद काय घालणार? तिच्याशी फक्त मारामारी उरते. त्यामुळे ‘कागुया उगाच आणली’ ही तुझी नोंद अपुरी आहे. ‘विचाराचा विरोधक काढून ताकदीचा विरोधक आणला, आणि त्याची पेरणी आधी नव्हती’ अशी लिही.

नेजीचं नेमकं उलटं झालं. ‘शिप्पूदेन’च्या आधीच्या पहिल्या मालिकेत चुनिन परीक्षेच्या (निंजांच्या बढतीच्या परीक्षेच्या) लढतीत (भाग ६० ते ६२) नेजी म्हणतो, माणसाचं नशीब जन्मतःच ठरतं. नारुतो त्याला हरवतो आणि शब्द देतो, होकागे (गावाचा प्रमुख) झालो की तुझं ह्यूगा घराणं बदलीन. घराण्याच्या धाकट्या शाखेला बांधून ठेवणाऱ्या कपाळावरच्या शिक्क्याचा तो अख्खा प्रश्न वाचकाच्या मनात पेरला गेला. शेवटच्या पर्वात नेजी चुलत बहीण हिनाता आणि नारुतोला वाचवताना मरतो, कपाळावरचा शिक्का पुसला जातो आणि तो शब्द मूळ कथेत पुन्हा कुणी काढत नाही. वर नारुतो निघतो अशुरा या प्राचीन वीराचा पुनर्जन्म! ‘कष्ट नशिबावर मात करतात’ म्हणणारी कथा शेवटी नशिबाच्याच बाजूला जाऊन बसते. या पर्वातलं सर्वात खोल दुखणं हेच आहे, आणि तुझ्या दहा नोंदींत ते नाही. एका ठिकाणी पेरलेलं उगवलं नाही, दुसऱ्या ठिकाणी उगवलेलं पेरलंच नव्हतं.

आता फिलर. तो दोष तू किशिमोतोंच्या नावावर टाकलास, तिथे हिशेब चुकला. भाग ३९३ ला नारुतोचा जीव टांगणीला लागलेला आहे आणि ३९४ ते ४१३ असे सलग वीस भाग जुन्या चुनिन परीक्षेत जातात. दर आठवड्याला एक भाग म्हणजे जवळपास पाच महिने. ‘ॲनिमे मांगाच्या फार जवळ पोचलं म्हणून थांबावं लागलं’ हे नेहमीचं कारण इथे लागू पडत नाही, कारण मांगा नोव्हेंबर २०१४ मध्येच संपली होती आणि हे भाग त्यानंतरचे आहेत. ॲनिमे मार्च २०१७ पर्यंत चाललं. हा निर्णय प्रक्षेपणाच्या आणि निर्मितीच्या टेबलावरचा. कुठला दोष लेखकाचा, कुठला वेळापत्रकाचा, हे ओळखता येणं स्टुडिओत रोज लागतं.

तेव्हा वहीतल्या ४१ मधून पाचच ठेव. आडव्या कागदावर चार रकाने पाड : काय घडलं, पहिल्यांदा कुठे पेरलं (भाग क्रमांकासह), दोष कुणाच्या टेबलावरचा, दुरुस्ती. दुरुस्तीला बंधन घाल. नवीन पात्र आणायचं नाही, शेवट बदलायचा नाही, आधीच्या भागांत फक्त तीन छोटे प्रसंग घालायचे. बंधन नसलं की सगळे आपल्या आवडीची वेगळीच गोष्ट लिहायला लागतात आणि मूळ दोष तसाच राहतो. नेजीच्या शिक्क्याची दुरुस्ती आधी कर. त्यातला एक प्रसंग सहा चौकटींच्या स्टोरीबोर्डमध्ये (प्रसंग चौकटीचौकटीने मांडणाऱ्या चित्रांत) काढ. चित्र साधं चालेल, पण कॅमेरा कुठे आहे आणि कोण कुणाकडे बघतंय ते कळलं पाहिजे.

कोर्सचं थोडक्यात. बारावीनंतर बी.डेस.साठी (डिझाइनच्या पदवीसाठी) दोन परीक्षा बघ : आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी यूसीड आणि अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट. एनआयडीत ॲनिमेशन फिल्म डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. दोन्हींना कला शाखा चालते. यूसीड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, म्हणून तयारी नसताना एक संधी घालवू नकोस. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, यंदाच्या तारखा संस्थेच्या साइटवरच बघ. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा पटकथालेखनाचा कोर्स पदवीनंतरचा आहे. जपानी शिकायची असेल तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सर्वात सोपी पातळी आधी. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. पण जपानमध्ये नोकरी करायची तर एन२ या वरच्या पातळीच्या आसपास जावं लागतं, आणि त्याला काही वर्षं लागतात.

बाबांची काळजी खोटी नाही. आपल्याकडच्या स्टुडिओंत बरंचसं काम बाहेरून आलेल्या कथेवरचं असतं, निव्वळ कथालेखकाच्या जागा थोड्या. आत शिरायची वाट बहुतेकदा स्टोरीबोर्ड सहायक म्हणून असते. म्हणून पोर्टफोलिओत समीक्षा दोनच पानं ठेव. बाकी दहा पानांची स्वतःची चित्रकथा, शेवटासकट पूर्ण केलेली, आणि साठ-नव्वद सेकंदांचं ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डच्या चौकटी जोडून केलेला व्हिडिओ). बाबांना ४१ चुकांची वही दाखवू नकोस. नेजीच्या सहा चौकटी दाखव आणि काही न सांगता त्यांना गोष्ट कळते का ते विचार. जिथे ते अडखळतील ती चौकट पुन्हा काढ.