इसब आणि कोरड्या त्वचेवर घरच्या घरी काय करता येईल?

मुंबईच्या दमट हवेतही कोपराच्या खोबणीत खाज आणि पोटऱ्यांवर खवले का, असं विचारलंय. एकीकडे घाम, दुसरीकडे दिवसभर ऑफिसचा एसी. इसबाला दोन्ही सोसत नाहीत.

आंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत उरका. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. मग पंच्याने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच, २-३ मिनिटांच्या आत, बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा साधं खोबरेल चोपडा. सगळी गंमत या वेळेत आहे. अंग वाळल्यावर लावलेलं महागडं क्रीमही तेवढं कामाला येत नाही. लोकलमधून घामाघूम होऊन आलात की अंगावर साधं पाणी घ्या आणि परत तेच.

लिंबू, मोहरीचं तेल, डाळीच्या पिठाचं उटणं नको. भेगाळलेल्या कातडीला झोंबतं. केमिस्टने आपल्या मनाने दिलेली स्टेरॉइडवाली ट्यूब तर नकोच नको. चट्टा गोल, कडेला लाल आणि मध्ये साफ असेल तर ते गजकर्ण असू शकतं, आणि स्टेरॉइडने ते आणखी फोफावतं.

चट्ट्यातून पाणी सुटलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर केईएम किंवा सायनच्या त्वचारोग ओपीडीत दाखवून या.